घोडदळाचा सेनानी कशावर जोखायचा?

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे, आणि त्यात घोडदळाच्या सेनानींची तुलना हा अनेकांच्या आवडीचा भाग आहे. कोण किती मैल दौडला, कोणी किती कैदी आणि तोफा आणल्या, कोणाच्या मांडीखाली किती घोडे पडले, असा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात दक्षिणेचे जेब स्टुअर्ट आणि नेथन बेडफर्ड फॉरेस्ट ही नावे सर्वात वर येतात, त्यांच्या मागोमाग उत्तरेचा फिलिप शेरिडन. जॉन ब्यूफर्ड आणि बेंजामिन ग्रिअर्सन यांचा उल्लेख होतो तो बहुधा ओझरता. ही क्रमवारी मला मान्य नाही, कारण ती ज्या मापाने लावली आहे ते माप छापेमाराचे आहे, घोडदळाच्या सेनानीचे नव्हे. घोडदळ स्वतःसाठी लढत नसते. शत्रू कुठे आहे हे आपल्या सेनापतीला कळवणे, आपले पायदळ कुठे आहे हे शत्रूला कळू न देणे, मोक्याची जागा पायदळ येईपर्यंत धरून ठेवणे, आणि रसद तोडायचीच तर मोठ्या मोहिमेच्या कामी येईल अशा वेळी तोडणे, ही त्याची कामे. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: या माणसाच्या घोडदळामुळे मुख्य फौजेच्या पदरात काय पडले? या प्रश्नाने जोखले तर स्टुअर्ट एकाच वर्षात शिखरावरही दिसतो आणि पायथ्याशीही, फॉरेस्टची थोरवी बरीच आक्रसते, आणि ज्याला घोडे मुळीच आवडत नसत असा इलिनॉयचा एक संगीतशिक्षक फार वर चढतो.

आधी त्या युद्धातले शस्त्र पाहायला हवे, कारण जुने माप तिथेच मोडले होते. नेपोलियनच्या काळात पायदळाची बंदूक शंभर पावलांपलीकडे भरवशाची नव्हती, त्यामुळे तलवारी उपसून एकदिलाने चाल करणारे घोडदळ पायदळाची फळी फोडू शके. १८६१ पर्यंत नळीत आटे पाडलेली बंदूक आणि तिची शंकूच्या आकाराची मिनिए गोळी सर्रास झाली होती, आणि मारा काही पटींनी लांबला होता. घोडा हे मोठे लक्ष्य. फळीपर्यंत पोहोचण्याआधीच तो दोन-तीन वेळा नेमात येई. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी उत्तरेच्या किलपॅट्रिकने फार्न्सवर्थच्या ब्रिगेडला खडकाळ, झाडीच्या जमिनीवरून पायदळावर घोडे घालायला लावले. त्यात फार्न्सवर्थ मारला गेला आणि हाती काहीच लागले नाही. म्हणून या युद्धातला शहाणा घोडदळवाला घोड्याकडे वाहन म्हणून पाहू लागला: वेगाने जागेवर जायचे, पायउतार व्हायचे, आखूड कार्बाइन बंदुकीने लढायचे, आणि चारांतल्या एका स्वाराला घोडे सांभाळायला मागे ठेवायचे. म्हणजे हजार स्वार उतरले की प्रत्यक्ष फळीत साडेसातशेच बंदुका राहत. ज्या कौशल्यासाठी आधीच्या शतकात सरदाराची कीर्ती होई, ते हल्ल्याचे कौशल्य आता दुय्यम झाले होते.

दुसरी गोष्ट घोड्याच्या मालकीची, आणि ती समजायला मराठी वाचकाला इतरांहून सोपी जावी. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा भेद सर्वांना ठाऊक आहे: शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. दक्षिणेचे घोडदळ जवळजवळ सगळे शिलेदारी होते. स्वाराने स्वतःचा घोडा आणायचा, सरकार त्याच्यापोटी दिवसाला ४० सेंट देई. लढाईत घोडा मेला तर भरपाई मिळे. थकून निकामी झाला किंवा शत्रूच्या हाती गेला तर काही मिळत नसे. दुसरा घोडा आणायला स्वाराला रजा घेऊन घर गाठावे लागे. सुरुवातीला या पद्धतीचा फायदाच झाला. लहानपणापासून खोगिरावर वाढलेली मुले उत्तम घोड्यांसह दाखल झाली, आणि उत्तरेच्या शहरी रंगरुटांना घोड्यावर नीट बसता येण्यातच वर्ष गेले. पण प्रत्येक लांब दौडीची किंमत या पद्धतीत दामदुप्पट पडे. दौड संपली की पलटणीतले कित्येक स्वार बिनघोड्याचे होत आणि आठवडेच्या आठवडे गैरहजर राहत. उत्तरेने बारगिरी पद्धत धरली, जुलै १८६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खाते काढले, आणि वॉशिंग्टनजवळ गिझबरो येथे प्रचंड पागा उभी केली. दक्षिणेच्या सेनानीचे कौशल्य जोखताना हे ध्यानात ठेवावे लागते: घोडा ही त्याच्याकडची सर्वात दुर्मीळ वस्तू होती, आणि ती कशावर खर्चायची हा त्याच्या शहाणपणाचा खरा कस होता.

आता स्टुअर्ट. १२ ते १५ जून १८६२ या दिवसांत सुमारे १२०० स्वार घेऊन त्याने उत्तरेच्या मॅक्लेलनच्या लाखभर फौजेला पूर्ण वळसा घातला, शंभरेक मैल दौडला आणि फक्त एक माणूस गमावून परत आला. या दौडीचे गोडवे तिच्या धाडसासाठी गायले जातात, पण तिचे खरे मोल वेगळे आहे. दक्षिणेचा सेनापती ली याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते: चिकाहॉमिनी नदीच्या उत्तरेला शत्रूची उजवी बगल कशाला टेकलेली आहे? स्टुअर्टने उत्तर आणले की ती कशालाच टेकलेली नाही. दोन आठवडे उलटायच्या आत लीने तिथेच घाव घातला, आणि सात दिवसांच्या लढायांनंतर रिचमंडवरचे संकट टळले. काही अभ्यासक म्हणतात की या वळशामुळे मॅक्लेलनही सावध झाला आणि आपल्या रसदेच्या तळाची फेरमांडणी करू लागला. एका प्रश्नाचे उत्तर आणायला गेलेल्या स्वाराने वळसा पुरा करायची गरजच नव्हती, असे त्यांचे म्हणणे. आक्षेपात तथ्य आहे, पण बातमीचे पारडे जड राहते. पुढच्या वर्षी चॅन्सेलर्सव्हिलला तर स्टुअर्टने घोडदळाचे आदर्श काम केले. त्याच्या स्वारांनी उत्तरेचा सेनापती हुकर याच्या टेहळणीला जंगलाबाहेर रोखले, हुकरची उजवी बगल उघडी असल्याचे शोधून काढले, आणि २ मे १८६३ रोजी लीचा सरदार जॅक्सन त्या बगलेकडे निघाला तेव्हा त्याच्या वाटेवर पडदा धरला. त्या रात्री जॅक्सन आणि ए. पी. हिल दोघेही जखमी झाले, तेव्हा पायदळाचे अख्खे कोअर स्टुअर्टच्या हाती आले आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते समर्थपणे लढवले. या मे महिन्यापर्यंत दोन्ही बाजूंना त्याच्या तोडीचा घोडदळवाला नव्हता, असे मी निःशंकपणे म्हणेन.

याच लढाईत समोरच्या बाजूला काय झाले ते पाहिले तर स्टुअर्टची किंमत आणखी कळते. हुकरने स्टोनमनला जवळजवळ सगळे घोडदळ देऊन लीच्या पिछाडीवर पाठवले होते आणि स्वतःपाशी प्लेझन्टनची एकच ब्रिगेड ठेवली होती. स्टोनमनने काही पूल जाळले, रूळ उखडले, रिचमंडपर्यंत घबराट पसरवली. त्या वेळी हुकरच्या उजव्या बाजूला बिनीचे स्वार नव्हते. जॅक्सनची हालचाल काहींना दिसलीही, पण ती माघार समजली गेली, कारण मागोवा घेऊन खरेखोटे करायला घोडदळच जागेवर नव्हते. जॅक्सनचा सायंकाळचा हल्ला उत्तरेला ज्या दैन्यात टाकून गेला, त्याची भरपाई स्टोनमनच्या जळालेल्या पुलांनी होणे शक्य नव्हते.

आणि सुमारे आठ आठवड्यांनी स्टुअर्टने स्टोनमनचीच चूक केली. ली उत्तरेत पेनसिल्व्हेनियात शिरत होता. २५ जूनला स्टुअर्ट आपल्या सर्वोत्तम तीन ब्रिगेडी घेऊन निघाला, उत्तरेच्या फौजेच्या मागून वळसा घालत. पहिल्याच दिवशी हेमार्केटजवळ हॅनकॉकच्या कोअरने त्याची वाट अडवली. परतायची ती वेळ होती; त्याने आणखी बाहेरून वळसा घेतला. २८ जूनला रॉकव्हिलजवळ १२५ गाड्यांचा तांडा हाती लागला आणि तो त्याने सोबत घेतला, म्हणजे घोडदळाला खेचरांच्या गाड्यांच्या चालीने चालायला लावले. मधल्या काळात त्याचा आणि लीचा संबंध पूर्ण तुटलेला होता. शत्रूने पोटोमॅक नदी ओलांडली ही बातमी लीला २८ जूनच्या रात्री आपला सरदार लाँगस्ट्रीट याच्या एका हेराकडून कळली. स्टुअर्ट गेटिसबर्गला पोहोचला तो २ जुलैच्या दुपारी, लढाईच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ते टाळणे अन्यायाचे होईल. लीच्या २२ आणि २३ जूनच्या पत्रांत वळशाची मुभा होती. निर्णय स्टुअर्टवर सोडला होता. आणि लीपाशी दोन-तीन ब्रिगेडी उरल्या होत्या, त्यांचा त्याने नीट वापर केला नाही. हे सगळे खरे आहे. पण त्याच पत्रांत असेही होते की वाट मोकळी असेल तरच जा, आणि नदी ओलांडल्यावर लीचा दुसरा सरदार यूएल याच्या उजव्या बाजूशी संपर्क धरा. वाट मोकळी नव्हती हे हेमार्केटला उघड झाले होते. मुभा मिळालेल्या माणसाचीच तर पारख होते. काटेकोर हुकूम पाळायला कौशल्य कशाला लागते? ९ जूनला ब्रँडी स्टेशनला प्लेझन्टनने त्याला बेसावध गाठले होते आणि रिचमंडच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीका केली होती. ती पुसून काढायला त्याला एक नवा वळसा हवा होता, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. मनातले कोणी सिद्ध करू शकत नाही. त्याच्या मागे लीची फौज आंधळी झाली, एवढे मात्र सिद्ध आहे.

त्या आंधळेपणाच्या समोर ३० जून रोजी गेटिसबर्ग गावात शिरला तो ब्यूफर्ड. केंटकीत जन्मलेला, अबोल, दिखाव्याची आवड नसलेला हा माणूस दोन ब्रिगेडी आणि सहा तोफांची एक बॅटरी घेऊन आला होता. माणसे पावणेतीन हजारांच्या आसपास. त्या रात्री त्याने वर पाठवलेल्या बातम्या आजही थक्क करतात: हिलचे कोअर पश्चिमेला कॅशटाउनच्या बाजूला जमले आहे, यूएल उत्तरेकडून, कार्लाइलच्या बाजूने येत आहे. चोवीस तासांत हे अक्षरशः खरे ठरले. गावाच्या दक्षिणेचा उंचवटा आपल्या पायदळाला मिळायचा असेल तर पश्चिमेच्या टेकड्यांच्या रांगांवर वेळ काढला पाहिजे, हे ओळखून त्याने चौक्या लांबवर पेरल्या. १ जुलैच्या सकाळी दक्षिणेच्या हेथची सात हजारांहून मोठी डिव्हिजन आली ती पुढे घोडदळाचा पडदा नसताना, समोर स्थानिक शिबंदी असावी अशा समजुतीत. पहिल्या गोळीबारापासून सुमारे दोन-अडीच तास पायउतार स्वारांनी तिला हळू केले, आणि दहाच्या सुमारास उत्तरेच्या रेनल्ड्सचे पायदळ पोहोचले.

कादंबरी आणि चित्रपटांमुळे ब्यूफर्डचे कौतुक अलीकडे फार वाढले, असा आक्षेप घेतला जातो. हेथने सुरुवातीला दोनच ब्रिगेडी पुढे केल्या होत्या, त्याही चाचपडत. लढाई खरी केली ती पायदळाने. आक्षेप मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण हेथ चाचपडत होता हेच ब्यूफर्डच्या मांडणीचे यश होते, आणि वेळ काढणे हेच त्याचे काम होते. शिवाय ही एका सकाळची नशिबाची साथ नव्हती. आदल्या वर्षी २९ ऑगस्टला, बुल रनच्या दुसऱ्या लढाईत, याच ब्यूफर्डने गेन्सव्हिलमधून लाँगस्ट्रीटच्या १७ पलटणी जाताना मोजून कळवले होते. ती चिठ्ठी मॅकडॉवेलपाशी पडून राहिली, उत्तरेचा सेनापती पोप याला वेळेवर मिळाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी लाँगस्ट्रीटने पोपची बगल चिरडली. तिथेही ब्यूफर्डचे काम चोख होते. ऐकणारा चोख नव्हता.

इथे माझ्या मापावरचा सर्वात गंभीर आक्षेप पुढे येतो. मुख्य फौजेला काय मिळाले हे पाहायचे, तर त्यात सेनापतीची अक्कल, नशीब, इतरांच्या चुका हे सगळे मिसळते. मग घोडदळाच्या सेनानीचे कौशल्य वेगळे कसे काढायचे? हुकरने स्टोनमनला पाठवले. स्टोनमनचा काय दोष? पुढे अटलांटासमोर दक्षिणेच्या हूडने १० ऑगस्ट १८६४ रोजी व्हीलरला बहुतांश घोडदळासह उत्तरेच्या शर्मनच्या रेल्वेवर पाठवले. व्हीलर पूर्व टेनेसीपर्यंत भटकला, त्याने उखडलेले रूळ झटपट दुरुस्त झाले, आणि ऑगस्टच्या अखेरीस शर्मन अख्खी फौज घेऊन शहराच्या दक्षिणेला वळला तेव्हा हूडला नेमके काय चालले आहे हे वेळेवर उमगले नाही. २ सप्टेंबरला अटलांटा पडले. हूडने डिसेंबरात पुन्हा तेच केले: नॅशव्हिलसमोर उभा असताना फॉरेस्टला बहुतेक घोडदळासह मर्फ्रीसबरोकडे धाडले. उत्तरेचा शेरिडनही यातून सुटत नाही. मे १८६४ मध्ये आपला वरिष्ठ मीड याच्याशी खटका उडाल्यावर तो सरसेनापती ग्रँटच्या संमतीने दहा हजार स्वार घेऊन रिचमंडकडे गेला. ११ मे रोजी यलो टॅव्हर्नला स्टुअर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला. मोहीम गाजली, पण स्पॉट्सिल्व्हेनियाच्या रणांगणावर ग्रँट त्या पंधरवड्यात जवळजवळ घोडदळाविना लढत होता. या प्रत्येक वेळी हुकूम वरून आला किंवा वरून मान्य झाला, हे मी नाकारत नाही. म्हणूनच निकालावरून गुण देऊ नयेत. सेनानीच्या हाती जे होते त्याचे त्याने काय केले एवढेच पाहावे. पोपला चिठ्ठी वेळेवर मिळाली नाही म्हणून ब्यूफर्डचे गुण कापायचे नाहीत. स्टोनमनला हुकूम होता म्हणून त्याचा दोष थोडा. स्टुअर्टला मुभा होती म्हणून त्याचा जास्त. शेरिडनने मोहीम स्वतः मागून घेतली म्हणून त्याचाही जास्त. आणि दक्षिणेच्या जॉन हंट मॉर्गनसारखा माणूस, ज्याने जुलै १८६३ मध्ये आपला वरिष्ठ ब्रॅग याची मनाई मोडून ओहायो नदी ओलांडली, इंडियाना आणि ओहायोत हजार अफवा उठवल्या आणि अखेर जवळजवळ सगळे अडीच हजार स्वार गमावून स्वतः पकडला गेला, त्याची कीर्ती कितीही असो, त्याच्याबद्दल फार विचार करण्याचे कारण नाही.

फॉरेस्टबद्दल मात्र पुष्कळ विचार करावा लागतो. लष्करी शिक्षण शून्य; मेंफिसमधला गुलामांचा व्यापारी; १८६१ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत लेफ्टनंट जनरल झाला. लढाईच्या मैदानावर भूमी, वेळ आणि शत्रूचे मन वाचण्यात त्याच्याइतका तयार माणूस दोन्ही बाजूंना नव्हता. १० जून १८६४ ची ब्रायसेस क्रॉसरोड्सची लढाई पाहा. उत्तरेच्या स्टर्जिसपाशी सुमारे आठ हजार, फॉरेस्टपाशी पाच हजारांहून कमी. त्याने आधीच ताडले की शत्रूचे घोडदळ पायदळाच्या बरेच पुढे येईल. ते आधी मोडायचे, मग त्याला वाचवायला चिखलातून, उकाड्यातून धावत आलेले दमलेले पायदळ मोडायचे. अगदी तसेच घडले. दीड हजारांहून जास्त कैदी, सोळा तोफा आणि गाड्यांचा तांडा त्याच्या हाती आला. लढाई म्हणून तिच्यात खोट काढता येत नाही. पण स्टर्जिसला पाठवलेच कशाला होते? शर्मनची लाखभर फौज नॅशव्हिल–चॅटनूगाच्या एकेरी रेल्वेवर जगत होती, आणि फॉरेस्ट त्या रेल्वेकडे निघाला होता. स्टर्जिस चालून येताच फॉरेस्टला अलाबामातून माघारी बोलावले गेले. म्हणजे स्टर्जिस हरला आणि शर्मनचे काम झाले. फॉरेस्ट त्या रेल्वेच्या परिसरात पोहोचला तो सप्टेंबरच्या अखेरीस, अटलांटा पडल्यावर. त्याचे चाहते म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, की ब्रॅग आणि रिचमंडच्या सरकारने त्याला ओळखलेच नाही. त्याला मोठे काम मिळाले तेव्हा त्याने ते करून दाखवले आहे: डिसेंबर १८६२ मध्ये पश्चिम टेनेसीतली रेल्वे त्याने अशी उद्ध्वस्त केली की, व्हॅन डॉर्नने होली स्प्रिंग्जचे कोठार जाळल्याच्या जोडीने, ग्रँटला विक्सबर्गवरची पहिली चाल सोडून मागे फिरावे लागले. माझ्या मापाने हे त्याचे सर्वोत्तम काम आहे, ब्रायसेसहूनही मोठे.

त्याच्या नावावर आणखी एक नोंद आहे आणि ती टाळून कौशल्याचा विचार पुरा होत नाही. १२ एप्रिल १८६४ रोजी फोर्ट पिलो पडल्यावर त्याच्या माणसांनी शरण येणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली. कोणी कोणता हुकूम दिला यावर वाद आहे; जबाबदारीवर नाही. आपल्या हाताखालच्या माणसांना ताब्यात ठेवणे हा सेनानीपणाचाच भाग आहे, तेव्हा ही बाब नीतीच्या वेगळ्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही. युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅनचा पहिला प्रमुख झाला, हेही त्याच्या चरित्रातून वेगळे काढता येत नाही.

फॉरेस्ट आणि ग्रिअर्सन यांची तुलना करायला इतिहासाने एक दुर्मीळ पंधरवडा दिला आहे. एप्रिल १८६३ मध्ये उत्तरेने एकाच वेळी दोन छापे सोडले. स्ट्राइट सुमारे पंधराशे माणसे खेचरांवर बसवून अलाबामातून जॉर्जियाच्या रेल्वेकडे निघाला. फॉरेस्टने त्याला रात्रंदिवस झोपू दिले नाही, आणि ३ मे रोजी दोनच तोफा टेकडीआडून पुन्हा पुन्हा फिरवून आपल्यापाशी मोठा तोफखाना आहे असे भासवले. स्ट्राइट शरण आला तेव्हा फॉरेस्टपाशी जेमतेम पाच-सहाशे माणसे होती. त्याच दिवसांत ग्रिअर्सन १७०० स्वार घेऊन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १७ एप्रिलला निघाला होता. लहानपणी घोड्याने तोंडावर लाथ मारल्यापासून त्याला घोडे आवडत नसत. युद्धाआधी तो संगीत शिकवत असे. मिसिसिपीच्या पोटातून सोळा दिवसांत सुमारे ६०० मैल जाऊन तो २ मे रोजी लुइझियानातल्या बॅटन रूज येथे उत्तरेच्या ताब्यातल्या प्रदेशात बाहेर पडला. वाटेत आजारी आणि थकलेले १७५ स्वार त्याने मुद्दाम मागे परत पाठवले, म्हणजे टापांचे ठसे पाहून सगळी तुकडीच परतली असे वाटावे. मग आयोवाची अख्खी पलटण पूर्वेकडे वळवून पाठलाग तिच्यामागे लावला. २४ एप्रिलला न्यूटन स्टेशनला त्याने विक्सबर्गकडे जाणारी रेल्वे तोडली. विक्सबर्गचा सेनापती पेंबर्टन याच्यापाशी घोडदळ आधीच तुटपुंजे होते, ते ग्रिअर्सनच्या मागे पांगले, आणि पायदळाच्या तुकड्याही रेल्वे राखायला गेल्या. ३० एप्रिलला ग्रँटने ब्रुइन्सबर्गला मिसिसिपी नदी ओलांडली तेव्हा तिथे अडवायला कोणी नव्हते. चार जुलैला विक्सबर्ग शरण आले.

फॉरेस्टने ब्रॅगची रेल्वे वाचवली, ते कमी नाही. ग्रिअर्सनला तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटला नाही, फॉरेस्ट दुसरीकडे गुंतलेला होता, असेही म्हणता येईल. पण शत्रूला आपल्यापर्यंत पोहोचूच न देणे हे ग्रिअर्सनचे कसब होते. त्याचे तीन स्वार मेले, सात जखमी झाले. आणि तो परत यायला निघालाच नव्हता. परतीच्या वाटेवर सापळा असणार हे ओळखून त्याने सरळ पुढे निघून जाणे पत्करले. दोघांच्या डोक्यात चातुर्य सारखेच होते. एकाच्या चातुर्याला मोठ्या मोहिमेचे घड्याळ माहीत होते.

राहिला साधनांचा प्रश्न. उत्तरेपाशी घोडे होते, कारखाने होते, सात फैरी झाडणारी स्पेन्सर कार्बाइन होती. मग तुलना न्याय्य कशी? उत्तर असे की साधने जमवून ती योग्य वेळी योग्य जागी आणणे हेही कौशल्यच. सत्ताविशीतल्या जेम्स विल्सनने नॅशव्हिलला हे दाखवले. त्याच्या हजारो स्वारांपाशी घोडेच नव्हते, तेव्हा त्याने ट्रामगाड्यांचे आणि सर्कशीचेही घोडे जप्त केले. त्याचा सेनापती थॉमस याने हल्ला लांबवला म्हणून ग्रँट चिडला, तरी विल्सन तयार होईपर्यंत थॉमस थांबला. १५ आणि १६ डिसेंबर १८६४ रोजी विल्सनचे पायउतार स्वार हूडच्या डाव्या बगलेमागे उतरले, आणि हूडची फौज फुटली. विल्सनची जास्त गाजलेली मोहीम पुढची आहे. साडेतेरा हजार स्वारांनिशी त्याने २ एप्रिल १८६५ रोजी खुद्द फॉरेस्टला हरवून सेल्मा घेतले. फॉरेस्टपाशी त्याच्या निम्मीही माणसे नव्हती, आणि त्याच दिवशी पीटर्सबर्गला लीची फळी तुटली. सेल्मा नसते पडले तरी युद्ध काही आठवड्यांतच संपले असते. म्हणून विल्सनला मी गुण देतो ते नॅशव्हिलचे. शेरिडनलाही यलो टॅव्हर्नचे नाही, तर ८ आणि ९ एप्रिलचे: ॲपोमॅटॉक्सला त्याच्या स्वारांनी लीच्या पुढे जाऊन रसदेच्या गाड्या घेतल्या, पायउतार होऊन रस्ता धरला, आणि रात्रभर चालत आलेले पायदळ पोहोचेपर्यंत तो सोडला नाही. गेटिसबर्गला ब्यूफर्डने जे केले तेच हे.

तेव्हा माझा क्रम असा: ब्यूफर्ड आणि ग्रिअर्सन सर्वात वर, मे १८६३ पर्यंतचा स्टुअर्ट त्यांच्या बरोबरीने, त्यानंतरचा स्टुअर्ट बराच खाली, रणांगणावरचा गडी म्हणून फॉरेस्ट सर्वांत पुढे, पण सेनानी म्हणून विल्सनच्या आसपास. ब्यूफर्डला फार दिवस मिळाले नाहीत. विषमज्वराने तो १६ डिसेंबर १८६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये वारला, आणि मेजर जनरलपदाची सनद त्याच्या हाती आली ती मृत्यूच्याच दिवशी. गेटिसबर्गच्या पश्चिमेला, शत्रू आला त्या चेंबर्सबर्गच्या रस्त्याकडेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पायथ्याशी त्या सकाळच्या बॅटरीच्या चार तोफांच्या नळ्या आहेत. घोडा नाही. ब्यूफर्ड जमिनीवर उभा आहे, तोंड पश्चिमेकडे, आणि हातात दुर्बीण आहे.